चाच्यांचा अड्डा की आरमाराचे बंदर : आंग्रेविषयक लेखनातील नामकरणाचा प्रश्न

१

सागरी चाच्यांविषयीच्या लेखनात जहाज आणि जहाजावरचा माणूस यांनाच केंद्रस्थान मिळत आले आहे. चाच्याचे शौर्य, त्याचे क्रौर्य, त्याने पकडलेली गलबते आणि अखेरीस त्याला झालेली फाशी हा या साहित्यप्रकाराचा रूढ आकृतिबंध होय. या आकृतिबंधात चाच्याचे आश्रयस्थान मात्र पार्श्वभूमीला राहते. वस्तुतः लूट समुद्रावर होत असली तरी समुद्रावर राहता कोणालाच येत नाही. गोडे पाणी, डोलकाठीचे लाकूड, दोरखंड, दारूगोळा, लुटीचा माल विकत घेणारा व्यापारी आणि ओलिसांच्या खंडणीची बोलणी करणारा मध्यस्थ या साऱ्या गोष्टी किनाऱ्यावरच मिळतात. कोकणात तर निसर्गाचीच सक्ती आहे. ज्येष्ठ-आषाढात समुद्र बंद होतो आणि लढाऊ गुराब असो वा व्यापारी गलबत, त्याला खाडीत शिरून नांगर टाकावाच लागतो. त्यामुळे चाचेगिरीचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिच्या आश्रयस्थानांचा इतिहास ठरतो.

मराठीतील ‘चाचा’ या शब्दाकडे पाहिले तरी हेच सूचित होते. या शब्दाला गुजरातीतील ‘चांचियो’ हा शब्द जवळचा आहे, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील चांच या बेटवजा वस्तीशी त्याचा संबंध लोकसमजुतीने जोडलेला आहे. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रीय निकषांवर सिद्ध झाली आहे असे मानण्याचे कारण नाही. परंतु समाजाने या व्यवसायाचे नाव एका गावाच्या नावात शोधले, ही गोष्ट लक्षणीय आहे. अकराव्या शतकात अल्बेरुनीने कच्छ-सोमनाथकडील सागरी लुटारूंचा ‘बवारिज’ असा निर्देश केला आणि हे नाव त्यांच्या ‘बेरा’ नामक नौकांवरून पडल्याचे सांगितले. एकीकडे गावावरून नाव, दुसरीकडे होडीवरून नाव. गुन्ह्यावरून नाव पडल्याचे या दोन्ही ठिकाणी दिसत नाही.

प्रस्तुत लेखात कान्होजी आंग्रे आणि त्यांचे वंशज यांच्याविषयीच्या फारसी, इंग्रजी व मराठी लेखनाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. कोण चाचा आणि कोण सरखेल याचा निर्णय या संहितांमध्ये व्यक्तीच्या कृतीवरून क्वचितच होतो. तिच्या बंदराला लेखक काय म्हणतो, यावरून तो आधीच होऊन गेलेला असतो. तसेच या नामकरणाला मराठी अभ्यासकांनी दिलेले उत्तर आवश्यक असले तरी अपुरे आहे, असे येथे म्हणावयाचे आहे.

२

आंग्रे यांच्या उदयापूर्वीच्या एका प्रसंगापासून आरंभ करणे सोयीचे होईल. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. त्यावर सुरतेतील इंग्रजांना अटक झाली. खाफीखान त्या सुमारास या परिसरात होता आणि पुढे त्याने मुंबईस जाऊन इंग्रजांशी प्रत्यक्ष बोलणेही केले. ‘मुन्तखब-उल-लुबाब’ या आपल्या इतिहासग्रंथात त्याने मुंबईच्या अर्थव्यवहाराचा एक हिशेब मांडला आहे. सुपारी आणि नारळ यांवर चालणाऱ्या या बेटाचे उत्पन्न दोन-तीन लाखांपलीकडे जात नाही, व्यापारातील नफाही मर्यादित आहे, तेव्हा वसाहतीच्या खर्चाची उरलेली भरपाई यात्रेकरूंची जहाजे लुटून होते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

हा हिशेब कितपत अचूक होता, हा अर्थशास्त्रीय इतिहासाचा प्रश्न आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याच्या युक्तिवादाची रचना. खाफीखान व्यक्तीचा गुन्हा सिद्ध करण्याच्या भरीस पडत नाही. तो बंदराचा जमाखर्च तपासतो आणि त्यातील तूट लुटीने भरून काढतो. पुढे तीस वर्षांच्या आत इंग्रज लेखकांनी कुलाबा व घेरिया यांच्याविषयी जे म्हटले, त्याचा साचा मोगल इतिहासकाराच्या या परिच्छेदात आधीच तयार आहे. फरक एवढाच की, येथे चाच्यांचा अड्डा मुंबई हा आहे.

त्या काळी हिंदी महासागरात युरोपीय चाच्यांची आश्रयस्थाने होती, हे सर्वज्ञात आहे. मादागास्करजवळील सेंट मेरी बेटावर अ‍ॅडम बाल्ड्रिजने १६९१ ते १६९७ या काळात वखार चालविली. तिला न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांकडून माल येई आणि लुटीचा माल तिकडे जाई. म्हणजे हा अड्डा अटलांटिक व्यापारजालाचाच एक दुवा होता. कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने प्रसिद्ध झालेल्या चाच्यांच्या इतिहासाच्या १७२८ मधील दुसऱ्या खंडात मात्र याच मादागास्करवर लिबर्तालिया नावाचे एक काल्पनिक समतावादी गणराज्य उभे राहते. हा ग्रंथ डॅनियल डिफोचा की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. युरोपीय चाच्याच्या अड्ड्याला कल्पित साहित्याने आदर्श राज्याचे रूप दिले. पश्चिम हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर मात्र अस्तित्वात असलेल्या राज्याला इतिहासलेखनाने अड्ड्याचे रूप दिले.

३

क्लेमंट डाउनिंग याचा हिंदुस्थानातील युद्धांविषयीचा ग्रंथ १७३७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याच्या लांबलचक शीर्षकात आंग्रे यांना ‘पायरेट’ म्हटले आहे. पण त्याच शीर्षकात या ‘पायरेट’चा उदय, उत्कर्ष, सामर्थ्य आणि सैन्यबळ यांचा वृत्तांत देण्याचे वचनही आहे. उदय आणि उत्कर्ष ही राज्याच्या इतिहासाची परिभाषा आहे. ज्याला लुटारू म्हणावयाचे त्याच्याविषयी लिहिताना राजवंशाच्या इतिहासाचे शब्द उसने घ्यावे लागतात, हा अंतर्विरोध शीर्षकापासून शेवटपर्यंत या ग्रंथात टिकून आहे.

डाउनिंगने पाहिलेल्या मोहिमेतही तोच अंतर्विरोध आहे. कमोडोर थॉमस मॅथ्यूज हा १७२१ मध्ये ब्रिटिश राजाचे आरमार घेऊन आला तो मादागास्करच्या युरोपीय चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे आरमार पोर्तुगीजांच्या साहाय्याने कुलाब्यावर चालून गेले आणि पराभूत होऊन परतले. मादागास्करसाठी निघालेल्या तोफा कुलाब्याकडे वळल्या, त्या ‘पायरेट’ या एका शब्दाच्या आधारावर. दोन भिन्न प्रकारच्या सत्तांना एकाच संज्ञेखाली आणल्यावर एका मोहिमेचे अधिकारपत्र दुसरीस चालू शकते. मायदेशी परतल्यावर याच मॅथ्यूजवर नियमबाह्य खासगी व्यापाराबद्दल लष्करी न्यायालयात खटला होऊन वेतनकपातीची शिक्षा झाली, हे या कथेचे उपकथानक होय. १७२० मध्ये जोहाना बेटाजवळ इंग्रज चाच्यांशी झुंजून ‘कॅसँड्रा’ जहाज गमावलेला कॅप्टन जेम्स मॅक्रे पुढे १७२५ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला. चाच्यांविरुद्धच्या लढ्यातून सत्तापदाकडे जाणारी ही वाट मुंबईपासून मद्रासपर्यंत पसरली होती.

जॉन बिडल्फ याचे ‘द पायरेट्स ऑफ मलबार’ हे १९०७ मधील पुस्तक या परंपरेचे सर्वांत वाचनीय आणि म्हणूनच सर्वांत प्रभावी रूप आहे. त्याच्या प्रकरणांचा अनुक्रम पाहण्याजोगा आहे. पहिले प्रकरण पूर्वेकडील युरोपीय चाचेगिरीच्या उदयाचे, दुसरे कॅप्टन किडचे आणि तिसरे कान्होजींच्या उदयाचे. लेखकाने तसे म्हटलेले नसले तरी केवळ या क्रमामुळे कान्होजी हे एव्हरी व किड यांचे वारस ठरतात. शिवकालीन आरमाराशी असलेला त्यांचा संबंध दुय्यम होतो. शीर्षकातील ‘मलबार’ हा शब्दही असाच कार्य करतो. केरळपासून कोकणापर्यंतचा किनारा एका नावाखाली आला की कालिकतचे सामुद्रिक, मालवणचे खलाशी आणि सातारच्या छत्रपतींचे सरखेल यांच्यातील भेद पुसला जातो.

या पुस्तकाचा दुसरा भाग एका इंग्रज स्त्रीची कथा सांगतो. नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. तीत कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाउन मारला गेला आणि त्याची पत्नी कॅथरिन ओलीस राहिली. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये घेऊन तिची सुटका झाली. अड्डा, बंदिवान स्त्री, खंडणी आणि सुटका हा रोमान्सचा जुना घाट आहे, आणि बिडल्फच्या निवेदनाला तो सहज लाभतो. परंतु याच सुटकेच्या सुमारास कंपनी आणि कान्होजी यांच्यात रीतसर तह झाला. खंडणी घेणाऱ्या ज्या व्यक्तीशी तह करता येतो तिला काय म्हणावे, हा प्रश्न निवेदक उपस्थित करीत नाही. मराठी वाचकानेही एका गोष्टीकडे पाठ फिरवू नये. कॅथरिनचे ओलीसपण हे वसाहतवादी कल्पित नव्हते. ते घडलेले आहे, आणि कान्होजींची थोरवी सांगताना त्याचा उल्लेख टाळण्याची प्रथा समर्थनीय नाही.

गव्हर्नर चार्ल्स बून याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात कान्होजींचा स्वतःचा युक्तिवाद आढळतो. परक्याच्या मालमत्तेची अभिलाषा धरण्यापासून व्यापारीही मुक्त नाहीत आणि जगाची रीतच ही आहे, असे त्यांनी बूनला सुनावले. हे उत्तर आज प्रामुख्याने इंग्रजी भाषांतरातूनच उद्धृत होते. ‘चाचा’ ठरविलेल्या पुरुषाचा प्रतिवाद आरोप करणाऱ्याच्या भाषेतून आपल्यापर्यंत पोहोचावा, ही तौलनिक अभ्यासकाने विसरू नये अशी परिस्थिती आहे.

४

मराठी संहितांकडे वळताना त्या केवळ प्रतिपक्षाची बाजू मांडतात असे गृहीत धरणे सोपे आहे. प्रत्यक्षात चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमारविषयक प्रकरणात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांना उपद्रव होऊ नये, परदेशी व्यापाऱ्याला दिलासा देऊन आपल्या बंदरात आणावे आणि टोपीकरांना मात्र समुद्रकाठी ठाणे वसविण्यास जागा देऊ नये, असे तेथे बजावले आहे. जहाजबांधणीच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसांची झाडे बळाने तोडू नयेत, हा त्यातील सुपरिचित निर्देश. या ग्रंथात बंदर हे कायद्याचे स्थळ आहे. समुद्रावरील बळाचा वापर वैध की अवैध, हे कौलपत्र तपासून ठरते. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’, इंग्रजांचा परवाना आणि कान्होजींचे दस्तक ही एकाच व्यवस्थेची तीन नावे होत. ज्याने तिसरा कागद नाकारला त्यानेच तो मागणाऱ्याला चाचा म्हटले.

परंतु याच परंपरेत जंजिऱ्याच्या सिद्दीचे चित्रण कसे येते, हेही तपासले पाहिजे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या आश्रयाने जिंजी येथे, म्हणजे कोकण किनाऱ्यापासून शेकडो मैलांवरील तमिळ प्रदेशात लिहिली. त्याच्या स्मरणातून उमटलेल्या त्या किनाऱ्यावर सिद्दी येतो तो घरातील उंदराच्या उपमेने. उंदीर बिळात राहतो, बाहेर येऊन नासधूस करतो आणि पुन्हा बिळात शिरतो. इंग्रज लेखकांच्या ‘अड्डा’ या प्रतिमेहून ही प्रतिमा रचनेच्या दृष्टीने वेगळी नाही. सिद्दी हा औरंगजेबाच्या सेवेतील आरमारप्रमुख होता, त्याच्याजवळ सनदा होत्या, त्याचा दुर्ग होता आणि मुलूखही होता. घेरियाला बीळ म्हटल्याबद्दल आपण ज्या निकषांवर हरकत घेतो, तेच निकष जंजिऱ्याला लावले तर सभासदाची उपमाही टीकेला पात्र ठरते. मराठी समीक्षेने हा आरसा आजवर स्वतःसमोर पुरेसा धरलेला नाही.

५

इंग्रजी नामकरणाला विसाव्या शतकात पद्धतशीर उत्तर दिले गेले. दा. गो. ढबू यांनी १९३९ मध्ये कुलाबकर आंग्रे सरखेल घराण्याचा साधार इतिहास सिद्ध केला, सुरेंद्रनाथ सेन यांचे कान्होजींच्या आरंभीच्या कारकिर्दीवरील लेखन १९४१ मध्ये ग्रंथरूप झाले आणि मनोहर माळगावकरांनी १९५९ मध्ये इंग्रजी वाचकांसाठी कान्होजींचे चरित्र लिहिताना त्यांना शीर्षकातच मराठ्यांचे अ‍ॅडमिरल म्हटले. त्याआधी १९५१ मध्ये मुंबईच्या नौदल तळाला आंग्रे यांचे नाव मिळाले होते. या साऱ्या प्रतिपादनाचा कणा एक आहे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले, सरखेलीचे पद त्यांच्याकडे कायम झाले, लहानमोठे सव्वीस किल्ले त्यांच्याकडे राहिले. सबब ते राज्याचे अधिकारी होते आणि राज्याचा अधिकारी चाचा असू शकत नाही.

कान्होजींपुरता हा युक्तिवाद निर्दोष आहे. तुळाजींपाशी मात्र तो थांबतो. कान्होजींच्या मृत्यूनंतर (१७२९) घराण्यात फूट पडली. कुलाब्याच्या मानाजींना पेशव्यांचा पाठिंबा राहिला आणि विजयदुर्गाचे तुळाजी पेशव्यांच्या विरोधात गेले. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी कंपनीशी करार केला. त्याच वर्षी कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकला. आंग्र्यांचे आरमार त्या तोफमाऱ्यात जळून खाक झाले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि कैदेतच वारले. वैधतेचा उगम जर छत्रपती-पेशव्यांच्या सत्तेत असेल, तर त्या सत्तेनेच ज्याच्याविरुद्ध परकीयांशी हातमिळवणी केली त्या तुळाजींना कोणत्या आधारावर सरखेल म्हणावयाचे? आणि त्यांना चाचा म्हणावयाचे झाल्यास त्याच दुर्गातून, त्याच गुराबांनिशी, तेच दस्तक मागणाऱ्या पित्याला वेगळे कसे काढावयाचे? अधिकारपत्रावर आधारलेले समर्थन बापाला वाचवते आणि लेकाला इंग्रजांच्या हवाली करते. या समर्थनाने ‘राज्य की चाचा’ हे वसाहतवादी द्वंद्व जसेच्या तसे स्वीकारले आणि फक्त कान्होजींची जागा बदलली, हे त्याचे कारण होय.

विजयदुर्गाच्या पाडावानंतरचा व्यवहार या संदर्भात बोलका आहे. दुर्गात सापडलेली सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रज सेनाधिकारी व सैनिक यांनी आपसांत वाटून घेतली. मित्रपक्ष असलेल्या मराठ्यांना त्यातले काही मिळाले नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आणि बाणकोट कंपनीकडे गेले. तोवर वॉटसन व क्लाइव्ह पूर्व किनाऱ्यावर जाऊन पोहोचले होते, आणि मद्रासहून निघालेल्या त्यांच्या आरमाराने जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतले. इतिहासग्रंथांत घेरियाचे प्रकरण चाच्यांच्या निर्दालनाचे आणि प्लासीचे प्रकरण साम्राज्यस्थापनेचे म्हणून वेगळे ठेवले जाते. जहाजे आणि सेनापती मात्र तेच होते. जेम्सच्या विधवेने त्याच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये लंडनजवळ शूटर्स हिल येथे मनोरा उभारला आणि त्याला सुवर्णदुर्गाचेच नाव दिले. तेथे ‘सेव्हर्नड्रूग’ हा शब्द उच्चारणाऱ्याला तो मूळचा मराठी आहे हे सहसा जाणवत नाही.

६

यातून मार्ग काढावयाचा तर व्यक्तीच्या चारित्र्याचा निवाडा बाजूस ठेवून आश्रयस्थान हेच वाचनाचे एकक मानावे लागेल. विजयदुर्गाच्या खाडीत गिर्ये गावाजवळ आंग्रेकालीन गोदीचे अवशेष आहेत. याच गावाच्या नावावरून इंग्रजांचे ‘घेरिया’ घडले. गोदी म्हटली की सुतार-लोहार आले, सागाची तोड आली, कोळी-भंडारी खलाशी आले, पावसाळ्याचे चार महिने त्यांना पोसणारी शेती आली. डाउनिंगच्या कथनानुसार मादागास्करचा जेम्स प्लँटेन हा चाचाही अखेरीस आंग्र्यांच्या चाकरीत आला. म्हणजे हे बंदर युरोपीय अड्ड्यांपासून सर्वस्वी अलिप्तही नव्हते. असे बंदर एकाच वेळी राज्याचे ठाणे, कारागिरांचे गाव, ओलिसांचा तुरुंग आणि पळून आलेल्या खलाशांचा आसरा असू शकते. इंग्रजी संहिता यातले शेवटचे दोन पैलू सांगतात, मराठी संहिता पहिला सांगतात आणि दुसऱ्या पैलूकडे दोन्ही परंपरांनी जवळजवळ दुर्लक्षच केले आहे.

अशा वाचनाने तुलनेचे क्षेत्रही विस्तारते. कुंजाली मरक्कार हे सामुतिरीचे आरमारप्रमुख होते. चौथ्या कुंजालीचा कोट्टक्कलचा दुर्ग सामुतिरी आणि पोर्तुगीज यांनी मिळून पाडला आणि १६०० मध्ये गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला. स्वतःचाच धनी परकीयांना मिळतो आणि मग दुर्गाचा अड्डा होतो, हे विजयदुर्गाचे कथानक येथे दीडशे वर्षे आधी घडून गेले आहे. रास अल-खैमाच्या कवासिमांवर १८०९ आणि १८१९ मध्ये मोहिमा निघाल्या त्या मुंबईहून. सुलतान अल-कासिमी यांनी १९८६ मध्ये अरब चाचेगिरी ही एक मिथककथा असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा त्यांनाही आपल्याकडील आंग्रे-समर्थकांसारखाच मार्ग घ्यावा लागला. लक्ष्मी सुब्रमणियन यांचा पश्चिम किनाऱ्यावरील सार्वभौम आणि चाचा यांच्याविषयीचा २०१६ मधील अभ्यास हा समर्थन आणि आरोप या दोहोंपलीकडे जाण्याचा प्रयत्न म्हणून मराठी अभ्यासकांनी वाचावा असा आहे.

हा प्रश्न केवळ पुराभिलेखांपुरता उरलेला नाही. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने पकडलेले ३५ सोमाली चाचे मुंबईत पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले. ज्या शहराला खाफीखानाने अड्डा म्हटले होते, त्याच शहरात आज चाचेगिरीचा खटला उभा राहतो. समुद्रावरील सशस्त्र लूट हा गुन्हा आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण त्या माणसांमागील किनारा, तेथील कोलमडलेली राज्यव्यवस्था आणि तेथील बंदरे कोणत्या नावांनी आपल्या भाषेत येतात, हे पाहण्याची जबाबदारी साहित्याभ्यासाची आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांचा समावेश केला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग आहेत आणि तमिळनाडूतील जिंजीही आहे. इंग्रजी संहितांनी अड्डा म्हटलेली ठाणी आणि सिद्दीला उंदीर म्हणणारी बखर जेथे लिहिली गेली तो दुर्ग, असे दोन्ही आता एका सूचीत आले आहेत. ही नामावली अभिमानाची आहेच. पण तीत घेरियाचा विजयदुर्ग झाला म्हणून जंजिऱ्याचे बीळ आपोआप दुर्ग होत नाही. ते काम समीक्षेला करावे लागेल, आणि त्याचा आरंभ तिला स्वतःच्या भाषेतील उपमांपासून करावा लागेल.